'उघडणे' आणि 'फाडणे' : कडीच्या डब्यासंबंधी एक विवेचन

मांजरासाठी किंवा कुत्र्यासाठी तयार केलेले ओले अन्न पत्र्याच्या ज्या लहान डब्यांतून विकले जाते, ते डबे उघडण्यास कोणतेही हत्यार लागत नाही. वरच्या पत्र्यावर बसविलेली कडी उचलावी, ओढावी, की डबा मोकळा होतो. दुकानदार व गिऱ्हाईक दोघेही यास 'टिन' म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यास 'कडीचा डबा' म्हटले आहे. हा डबा दिसावयास निरुपद्रवी असला तरी तो उघडताना बोटे कापली जातात. याची कारणे पत्र्यात आहेतच. परंतु ही क्रिया आपण ज्या शब्दांनी ओळखतो, त्या शब्दांतही ती काही अंशी आहेत, असे दाखविण्याचा येथे हेतू आहे. भाषेच्या अभ्यासकाने डब्याचा विचार करावा हे काहींना विचित्र वाटेल. परंतु सूचना देणे ही भाषेचीच एक कृती होय. सूचनेतील एका क्रियापदाच्या निवडीवर कोणाच्या तरी बोटाचे क्षेम अवलंबून असेल, तर तो विषय आमच्या कक्षेबाहेरचा म्हणता येणार नाही.

१. डब्याची रचना

हवाबंद करून अन्न टिकविण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची आहे. निकोला आपेर या फ्रेंच गृहस्थाने काचेच्या बरण्यांत अन्न घालून, त्या बंद करून उकळण्याची आपली पद्धती १८१० साली प्रसिद्ध केली. त्याच वर्षी इंग्लंडात पीटर ड्युरँड याने पत्र्याच्या डब्याचे पेटंट घेतले. डबा आला, परंतु तो उघडण्याचे साधन मात्र आले नाही. प्रारंभीचे डबे छिन्नी व हातोडा घेऊन फोडावे लागत. इंग्लंडातील रॉबर्ट येट्स याचे डबा कापण्याचे हत्यार १८५५ सालचे, आणि अमेरिकेतील एझ्रा वॉर्नर याचे पेटंट १८५८ सालचे. म्हणजे डबा आणि तो उघडण्याचे साधन यांत जवळजवळ अर्धशतकाचे अंतर पडले. कडीची कल्पना त्यानंतर आणखी शंभर वर्षांनी प्रत्यक्षात आली. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डेटन येथील अर्मल फ्रेझ याने, वरच्या पत्र्यातूनच उचलून घडविलेल्या लहानशा रिव्हेटवर कडी बसविण्याची युक्ती काढली. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ती प्रथम बिअरच्या डब्यांवर दिसू लागली. पुढे सबंध वरचा पत्रा निघून यावा अशा रीतीने ती अन्नाच्या डब्यांवरही आली.

या रचनेचे तीन भाग ध्यानात ठेवले म्हणजे पुढील विवेचन सुगम होईल. पहिला भाग म्हणजे वरच्या पत्र्यावर काठालगत गोलाकार कोरलेली खाच. पत्रा मुळातच पातळ, आणि खाचेच्या तळाशी तो अधिकच पातळ केलेला असतो. पत्रा फाटावा तो तेथेच, अशी ही योजना आहे. दुसरा भाग कडी व तिचे नाक. कडीचे शेपूट उचलले की रिव्हेट हा टेकू होतो, आणि कडीचे नाक खाचेवर दाबले जाऊन खाच एका ठिकाणी फुटते. ही सरळसरळ तरफेची क्रिया आहे. तिसरा भाग, जो विकत घेताना दिसतच नाही, तो म्हणजे फाटल्यानंतर उरणाऱ्या दोन धारा : एक निघालेल्या पत्र्याची आणि दुसरी डब्याच्या तोंडाशी आतल्या बाजूस राहिलेली. काही डब्यांत पत्र्याची घडी घालून या धारा झाकण्याची योजना असते. परंतु तशी ती आपल्या हातातील डब्यात आहेच, असे धरून चालू नये.

२. 'झाकण' हा शब्द

निघून येणाऱ्या या पत्र्यास आपण सर्वजण 'झाकण' म्हणतो. हा शब्द 'झाकणे' या धातूपासून सिद्ध झाला आहे. ज्याने झाकावयाचे ते झाकण. ते काढता येते आणि पुन्हा लावता येते, हे त्याच्या अर्थातच अंतर्भूत आहे. पातेल्याचे झाकण, पोळ्यांच्या डब्याचे झाकण, बरणीचे झाकण यांपैकी कोणतेही हातात घेताना आपण त्याच्या कडेचा विचार करीत नाही, कारण ती कड पुनःपुन्हा हाताळण्यासाठीच घडविलेली असते.

कडीच्या डब्यावरील पत्रा या अर्थाने झाकण नव्हेच. तो डब्याची एक भिंत आहे. तो एकदा निघाला की पुन्हा बसत नाही, कारण तो निघालेला नसतो, फाटलेला असतो. 'फाटलेला पत्रा' म्हटले असते तर जी व्यक्ती दोन बोटांत जपून धरील, तीच व्यक्ती 'झाकण' म्हणताच ते सहज उचलते, त्याच्या आतल्या बाजूस चिकटलेला रस्सा बोटाने निपटून घेते, किंवा ते मांजरापुढे चाटावयास टाकते.

या संदर्भात बेंजामिन ली व्हॉर्फ या अमेरिकन भाषावैज्ञानिकाचे एक उदाहरण आठवते. व्हॉर्फ हा व्यवसायाने आगीच्या विमा कंपनीतला अधिकारी होता व आगी कशा लागतात याचे अहवाल तपासणे हे त्याचे काम होते. १९३९ साली लिहिलेल्या व १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात तो सांगतो की, पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ माणसे फार सावधपणे वागतात, परंतु 'रिकाम्या' पिंपांजवळ खुशाल धूम्रपान करतात. वस्तुतः रिकामे पिंप अधिक घातक, कारण त्यात स्फोटक वाफ असते. पण 'रिकामे' या शब्दाने काही नसल्याचा भास होतो. या उदाहरणावर आक्षेपही घेतले गेले आहेत. वाफ डोळ्यांना दिसत नाही म्हणून माणसे फसतात, त्यात शब्दाचा दोष कितपत, असा प्रश्न रास्त आहे. शब्द हेच अपघाताचे एकमेव कारण, असे प्रस्तुत लेखकासही म्हणावयाचे नाही. परंतु वस्तूला दिलेले नाव ती हाताळण्याची सवयही आपल्याबरोबर आणते, एवढे मान्य होण्यास हरकत नसावी.

'धार' या शब्दाचेही असेच आहे. इंग्रजीत भांड्याच्या काठास आणि सुरीच्या धारेस एकच शब्द चालू शकतो. मराठीत लोट्याला काठ असतो आणि विळीला धार असते. दोहोंची गल्लत कोणी करीत नाही. डब्यावरील इंग्रजी सूचनांच्या भाषांतरांत 'कडा तीक्ष्ण असतात' असे ओढूनताणून लिहिण्यापेक्षा, 'डब्याच्या काठास आता धार आहे' असे म्हटल्यास मराठी माणसाचा हात आपोआप मागे येईल.

३. उघडणे, फोडणे, फाडणे

आता क्रियापदाकडे वळू. मराठीत 'उघडणे' हे सकर्मक व अकर्मक अशा दोन्ही रीतींनी चालते. 'मी दार उघडले' आणि 'दार उघडले' या दोहोंत धातूचे रूप एकच. 'फुटणे–फोडणे', 'तुटणे–तोडणे', 'फाटणे–फाडणे' या जोड्यांत मात्र अकर्मक व सकर्मक रूपे भिन्न आहेत. याहून महत्त्वाचा भेद अर्थाचा आहे. उघडलेले दार लावता येते, उघडलेले पुस्तक मिटता येते, उघडलेली पेटी बंद करता येते. फोडलेला नारळ किंवा फाडलेला कागद मात्र पूर्ववत होत नाही. 'उघडणे' ही फिरून येण्याजोगी क्रिया, आणि 'फोडणे', 'फाडणे' या न फिरणाऱ्या क्रिया, असे स्थूलमानाने म्हणता येईल.

या भेदाची जाणीव आपल्या बोलीत चांगली मुरलेली आहे. सीलबंद तेलाचा चौकोनी डबा आपण 'फोडतो'. 'नवा डबा फोडला' हा प्रयोग घरोघर ऐकू येतो. दुधाची पिशवी फोडतात, बंद पाकीट फोडतात. जेथे वेष्टनाचा नाश होतो तेथे मराठी माणसाने 'उघडणे' सोडून 'फोडणे' हा धातू पसंत केला आहे. कडीच्या डब्याच्या बाबतीत मात्र हा विवेक सुटला. कडी आली, हत्यार गेले, आणि हत्याराबरोबर 'फोडणे' हे क्रियापदही गेले. क्रिया पूर्वीइतकीच विध्वंसक राहिली, केवळ तिचे नाव सौम्य झाले.

नेदरलँड्समधील नायमेगेन येथील माक्स प्लांक मनोभाषाविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने, कापणे व मोडणे या क्रियांसाठी निरनिराळ्या भाषांत कोणती क्रियापदे योजली जातात याचा अभ्यास झाला. आसिफा मजीद, जेम्स बॉस्टर व मेलिसा बॉवरमन यांनी त्याचे निष्कर्ष २००८ साली मांडले. २८ भाषांच्या भाषकांना लहान लहान चित्रफिती दाखवून त्यांचे वर्णन करावयास सांगितले होते. भाषा कितीही भिन्न असल्या तरी एक भेद सर्वत्र महत्त्वाचा ठरला : वस्तू नेमकी कोठे विलग होणार हे आधी सांगता येते की नाही. सुरीने कापताना ती जागा ठरलेली असते. काठी मोडताना किंवा मडके फोडताना ती तितकी ठरलेली नसते.

हा निकष कडीच्या डब्यास लावून पाहिला की त्याचा स्वभाव स्पष्ट होतो. खाच कोरलेली असल्यामुळे पत्रा कोठे विलग होणार हे ठरलेले आहे. परंतु तो शेवटी कोणत्या क्षणी विलग होणार हे ठरलेले नाही. जागा निश्चित आणि क्षण अनिश्चित, अशी ही स्थिती आहे. हात कापतो तो बहुधा या अनिश्चित क्षणी.

असे का होते ते पाहू. खाच एकदा फुटली की तिच्यापासून डावीकडे व उजवीकडे अशा दोन बाजूंनी पत्रा फाटत जातो. ओढणाऱ्या हातास सारखा विरोध होत असतो, म्हणून हात जोर लावून असतो. फाटण्याची ही दोन टोके पलीकडच्या बाजूस एकमेकांस मिळतात, त्या क्षणी विरोध एकाएकी नाहीसा होतो. हाताचा जोर मात्र तसाच असतो. परिणामी पत्रा उसळून येतो, रस्सा उडतो, आणि डबा धरणारा दुसरा हात काठाजवळ असल्यास त्याची बोटे धारेच्या वाटेत येतात.

४. 'ओढा' या आज्ञेतील उणीव

डब्यावरील सूचना पुष्कळदा 'उचला' व 'ओढा' या दोन आज्ञांत संपते, किंवा शब्दांऐवजी नुसती चित्रे असतात. 'ओढणे' या क्रियेस स्वतःचा शेवट नाही. दोरी ओढावी ती किती, हे 'ओढणे' या धातूत सांगितलेले नसते. ते वाक्यातील इतर शब्दांनी सांगावे लागते. झेनो व्हेंडलर याने १९५७ साली क्रियापदांचे जे वर्गीकरण मांडले, त्यात शेवट नसलेल्या क्रिया आणि शेवटाकडे जाणाऱ्या क्रिया हा भेद पायाभूत आहे. 'ओढा' असे सांगितल्यावर सामान्य माणूस पत्रा हातात येईपर्यंत ओढतो, म्हणजे नेमका तो अनिश्चित क्षण उलटून जाईपर्यंत ओढतो. सूचनेने ज्या ठिकाणी थांबवावयास हवे होते त्याच ठिकाणी ती मुकी राहते.

यावर उपाय परक्या भाषेतून आणावयास नको. मराठी पाककृतींच्या गद्यात तो पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. 'तेल सुटेपर्यंत मसाला परतावा', 'कांदा तांबूस होईपर्यंत परतावा', 'दूध अर्धे होईपर्यंत आटवावे' ही वाक्ये पाहा. प्रत्येक क्रियेस '–पर्यंत' या शब्दाने मर्यादा घातली आहे, आणि ती मर्यादा डोळ्यांना, कानांना किंवा नाकाला ओळखता येईल अशा खुणेने सांगितली आहे. डब्याच्या सूचनेसही हीच वाक्यरचना हवी. त्याचप्रमाणे एकाच 'ओढा' या क्रियापदात कोंबलेल्या निरनिराळ्या क्रियांस निरनिराळी नावे हवीत. तीही मराठीत तयार आहेत. कडीखाली आधार घालून ती वर करणे म्हणजे 'उचकटणे'. फाटलेला पत्रा सावकाश मागे आणणे म्हणजे 'सोलणे'. शेवटचा धागा हलकेच वेगळा करणे म्हणजे 'सुटा करणे'.

५. प्रत्यक्ष रीत

या नावांच्या आधारे रीत अशी सांगता येईल. प्रथम डबा पाहावा. तो फुगलेला किंवा गळत असल्यास मुळीच उघडू नये. आतील अन्न नासून वायू साठल्याचे ते चिन्ह असते. ते जनावरासही घातक, आणि दाबाने उडून तोंडावर येण्याचा संभव असतो. डबा ठीक असल्यास हात व डबा दोन्ही कोरडे करावेत. डबा हातात किंवा मांडीवर न धरता ओट्यावर, घडी घातलेल्या जाड फडक्यावर ठेवावा. दुसऱ्या हाताने तो तळाजवळ धरावा, काठाजवळ कदापि धरू नये.

कडी नखाने वर येत नसेल तर चमच्याच्या दांड्याचे टोक तिच्याखाली सरकवावे आणि 'टच्' असा आवाज होईपर्यंत ती उचकटावी. येथे सुरीचे टोक वापरू नये, कारण ते निसटले की थेट धरणाऱ्या हातावर येते. आवाज झाला म्हणजे खाच फुटली. मग कडीत बोट अडकवून, किंवा बोटांत बळ नसल्यास कडीत चमच्याचा दांडा घालून, पत्रा एकसारख्या संथ गतीने मागे सोलत आणावा. हिसका देऊ नये. पलीकडच्या बाजूस बोटभर भाग उरला की थांबावे. थांबणे ही येथे स्वतंत्र पायरी आहे. हातातील जोर सैल करून, वर फडके धरून, उरलेला भाग हलकेच मागेपुढे करीत सुटा करावा. पत्रा पूर्णपणे सुटा न करता तेवढाच वाकवून ठेवला व अन्न चमच्याने काढून घेतले, तरीही चालते.

कडी मध्येच तुटल्यास सुरी, कात्री किंवा पेचकस घेऊन झटापट करू नये. चाकाचा ओपनर काठावर नीट बसत असेल तर त्याने कापावे. काही डब्यांचा तळ गोलसर वळविलेला असल्यामुळे तेथे ओपनर पकड घेत नाही, हे ध्यानात असावे. काहीच साधत नसेल तर तो डबा टाकून देणे स्वस्त पडते.

जनावरांच्या अन्नाच्या बाबतीत धोका थोडा अधिक असतो, याची कारणे साधी आहेत. डबा लहान, म्हणून पकड अपुरी. रस्सा स्निग्ध, म्हणून बोटे निसरडी. कडीचा आवाज ओळखीचा झालेले मांजर पायांत घोटाळू लागते, म्हणून उघडणारा घाईत. शिवाय हे काम रोजचे, आणि ते घरातील मुलांकडे, वृद्धांकडे किंवा कामाच्या बाईंकडे सोपविलेले असते. अन्न काढताना आतून बोट फिरवू नये, चमचा फिरवावा. डब्यातूनच जनावरास खाऊ घालू नये. धारेने त्याची जीभ कापते, आणि तळाशी उरलेले चाटण्यासाठी आत डोके घातलेले मांजर अडकून बसते.

बोट कापलेच तर वाहत्या पाण्याखाली धुऊन, स्वच्छ फडक्याने सुमारे दहा मिनिटे सारखे दाबून धरावे. तेवढ्याने रक्त थांबले नाही, बोट वाकविता किंवा सरळ करता येईना, किंवा त्याचे टोक बधिर वाटू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांस दाखवावे. बोटांच्या आतल्या बाजूस स्नायुबंध व मज्जातंतू कातडीच्या फार खाली नसतात. जखम लहान दिसली तरी ती खोल असू शकते. धनुर्वाताची लस केव्हा घेतली होती हेही डॉक्टरांस सांगावे.

६. डब्याचा शेवटचा वाचक

डबा रिकामा झाला तरी धार संपत नाही. ती कचऱ्याच्या पिशवीतून पुढे जाते आणि कोणाच्या तरी हातास लागते. पुण्यात कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था २००८ सालापासून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम करीत आली आहे. अशा कामात कोरडा कचरा हातांनी निवडावा लागतो. म्हणून निघालेला पत्रा सुटा टाकू नये. डबा धुऊन घ्यावा, पत्रा डब्याच्या आत घालावा, आणि डब्याचे तोंड कोणत्याही जड वस्तूने ठोकून चेपावे, म्हणजे पत्रा बाहेर येत नाही. कोरड्या कचऱ्यात टाकताना तो जुन्या कागदात गुंडाळून वर 'धार आहे' असे लिहिल्यास उत्तम. दोन शब्दांचे ते लेखनही एक सूचनाच आहे, आणि तिचा वाचक सर्वांत अधिक धोक्यात असलेला आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. वैधमापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ अन्वये वेष्टनावरील अनिवार्य मजकूर देवनागरी लिपीतील हिंदीत किंवा इंग्रजीत द्यावा लागतो. त्याशिवाय अन्य भाषेत देण्यास मुभा आहे, सक्ती नाही. त्या अनिवार्य मजकुरात वजन, किंमत, उत्पादकाचा पत्ता इत्यादी गोष्टी येतात, डबा उघडण्याची रीत येत नाही. तेव्हा डब्यावर मराठी सूचना आपोआप छापली जाईल अशी आशा करण्यात अर्थ नाही. विक्रेत्यांनी दुकानात लावावी, किंवा गृहिणींनी ओट्याजवळ चिकटवावी, यासाठी एक नमुना पुढे देत आहे. त्यात वर प्रतिपादन केलेली तत्त्वे पाळली आहेत : प्रत्येक क्रियेस वेगळे क्रियापद, प्रत्येक क्रियेस ओळखता येणारी मर्यादा, आणि 'झाकण' या शब्दाऐवजी 'पत्रा'.

'डबा सपाट जागी ठेवून तळाशी धरावा. "टच्" आवाज होईपर्यंत कडी उचकटावी. बोटभर भाग उरेपर्यंत पत्रा सावकाश सोलत आणावा. तेथे थांबावे. उरलेला भाग फडक्याने धरून हलकेच सुटा करावा. पत्र्यास व डब्याच्या काठास धार आहे. बोट लावू नये. पत्रा डब्यात घालून, तोंड चेपून मगच टाकावा.'

हा मजकूर तळहाताएवढ्या कागदावर मावतो. यातील एकही शब्द नवा घडविलेला नाही. सर्व शब्द स्वयंपाकघरातले आहेत. शास्त्रीय परिभाषेसाठी नवे शब्द घडविण्याचे काम आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर झाले आहे, व ते आवश्यकही होते. घरगुती वापराच्या नव्या वस्तूंबाबत मात्र अनेकदा जुन्या शब्दांतून योग्य शब्द निवडणे एवढेच काम उरते. ते काम वाचकांनी अन्य वस्तूंच्या बाबतीतही करून पाहावे, व आपापल्या भागात 'उचकटणे' यासाठी कोणता शब्द रूढ आहे हे या विभागास अवश्य कळवावे.